वन्सं उत्तराची वाट पाहतात

डोक्याच्या आत काय चाललं आहे याची सदोदित काळजी करणारी, आणि डोक्यावर काय चाललं आहे याबद्दल तितकीच बेफिकीर असणारी माझ्या थोरल्या नणंदेसारखी दुसरी बाई उभ्या नागपुरात झाली नसेल. त्यांच्या अंबाड्यात आकड्यांऐवजी पेन्सिली खोचलेल्या असत. कधी दोन, कधी तीन, आणि चौथी शोधत त्या घरभर फिरत. पातळाचा पदर उजव्या खांद्यावर गेला आहे की डाव्या, चपला एकाच जोडाच्या आहेत की वेगवेगळ्या, असल्या गोष्टी त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगाव्या लागत, आणि सांगितल्यावर त्या अगदी मनापासून आभार मानून तशाच कॉलेजात निघून जात. तिथे त्या मानसशास्त्र शिकवायच्या. लहान मुलाचा मेंदू कसा वाढतो, आणि जन्मतःच ज्याचे हातपाय निकामी आहेत त्या मुलाचा मेंदू वाढतो की तिथेच थांबतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. साठच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन धंतोलीतल्या त्या घरात आले, तेव्हा मला हा विषय एका वाक्यात समजावून सांगताना त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि बोटांनी 'इथे भाषा, इथे हालचाल, इथे अजून कुणालाच ठाऊक नाही' असं दाखवलं होतं. नव्या नवरीचं डोकं असं चाचपताना पाहून माझे वडील गडबडले. त्यांना वाटलं, मुलीत काही खोट निघाली.

सासूबाईंचं सोवळं आणि वन्संचं संशोधन एकाच स्वयंपाकघरात नांदत होतं, हे त्या घरातलं मोठं आश्चर्य. मोमिनपुऱ्यातला एक खाटीक वन्संना मानायचा. गाभण बकरी कापली गेली तर पोटातल्या पिल्लाचं डोकं तो बाजूला काढून ठेवायचा आणि वन्सं सायकलवरून जाताना दिसल्या की हाक मारायचा, "बाईजी, आज छोटावाला आया है!" असे लहानमोठ्या वयाचे पाच मेंदू त्यांनी दोन वर्षं खपून जमवले होते. सगळ्यात लहान आवळ्याएवढा आणि गुळगुळीत, सगळ्यात मोठा सुरकुत्यांनी भरलेला. औषधात बुडवलेल्या मेंदूंच्या त्या पाच बरण्या फळीवर सगळ्यात वर, लिंबाच्या लोणच्यामागे असत, कारण घरात उन्हाचा आणि मुलांचा हात न पोचणारी तेवढी एकच जागा होती. सासूबाईंना सांगितलं होतं की तो कसलासा मुरंबा आहे, कॉलेजचा, शिवायचा नाही.

मला दिवस गेले तेव्हा त्या औषधाच्या वासानं मला भडभडून यायचं. एके दुपारी घरात कुणी नसताना मी स्टुलावर चढले, पाचही बरण्या उतरवल्या, मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली खड्डा करून सगळं पुरून टाकलं, बरण्या फोडल्या आणि घरच्या मांजरीनं पाडल्या म्हणून सांगितलं. काचा गोळा करताना वन्संनी फक्त एकदा विचारलं, "मग आतलं कुठे गेलं?" मी म्हणाले, "खाल्लं असेल मेलीनं." त्या मांजरीवर वन्संचा फार जीव होता. सासूबाईंनी तिला गोणीत घालून अंबाझरीकडे सोडून यायला लावलं, तेव्हा वन्सं पाठ फिरवून उभ्या होत्या. माझ्या तोंडून तेव्हाही खरं निघालं नाही, आणि एकदा वेळ गेली की मग ते काढणं रोज थोडं थोडं अवघड होत जातं.

पुढे माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती गात असताना वन्संनी कनवटीची किल्ली काढून बाळाच्या पायाच्या तळव्यावरून ओढली. बाळाचा अंगठा वर गेला, बोटं पंख्यासारखी फाकली. "वा! अगदी जसं हवं तसं!" म्हणून त्यांनी टाळी वाजवली. माझ्या आत्यानं तिथेच मीठमोहऱ्या मागवून बाळाची दृष्ट काढली. प्रश्न विचारण्याची वन्संची तऱ्हाही निराळी होती. आपण 'कसं काय' म्हणतो आणि पुढे चालू लागतो, तसं त्यांना जमत नसे. त्या विचारत आणि थांबत, उत्तर येईपर्यंत. पोस्टमनला एकदा त्यांनी "बरं आहे ना?" असं विचारलं आणि त्याच्याकडे पाहत अशा उभ्या राहिल्या, की तो आधी "हो" म्हणाला, मग "तसं बरं आहे" म्हणाला आणि शेवटी पायरीवर बसून त्यानं आपल्या भावाचं सगळं भांडण सांगितलं.

धंतोलीतच एका खासगी दवाखान्याची मागची खोली वन्संना आठवड्यातून दोन दुपारी मिळत असे. विदर्भातून कुठून कुठून आईबाप लुळी मुलं घेऊन तिथे येत. वन्संचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी त्यांच्यासोबत टिपणं लिहायला जाऊ लागले. खरं सांगायचं तर त्या कामावर माझा विश्वास नव्हता. ती वाकडी मान, गळणारी लाळ, आखडलेल्या मुठी पाहिल्या की मला वाटे, आत कोण असणार आहे?

सुजाता तिथेच भेटली. नंदनवनात राहणारं कुटुंब होतं, वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे. तिची आई तिला सायकलरिक्षातून आणायची, मांडीवर आडवी धरून, अकरा वर्षांची मुलगी. सुजाताला मान सावरता येत नव्हती, बोट हलवता येत नव्हतं, आवाज निघायचा तो नुसता हुंकार. पहिल्याच दिवशी तिची आई म्हणाली, "बाई, हिले सगळं समजते. हो म्हणायचं असलं का डोये वर करते. नाही म्हणायचं असलं का मिटून घेते. डाक्टर म्हणते, तुले तसं वाटते, माय आहेस म्हणून."

वन्संनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "कधीपासून करते असं?"

"चार वर्साची होती तवापासून."

"आणि हे कुणीच लिहून घेतलं नाही?"

सुजाताच्या आईला पुन्हा दिवस गेले होते, कंबर धरली होती, सुजाताला उचलणं आता तिच्या ताकदीबाहेर चाललं होतं. दूरच्या एका संस्थेत अशी मुलं कायमची ठेवून घेत. मुलीला काही समजत नाही, तिला घर काय अन् संस्था काय, असं वडिलांना बऱ्याच लोकांनी सांगितलं होतं. संस्थेचा अर्ज घरी येऊन पडला होता. वडिलांनी बायकोला म्हटलं होतं, तिले समजते असं त्या बाईनं दाखवून देलं तर सही नाही करत.

वन्संना आईचं म्हणणं पटलं होतं, म्हणूनच त्या घाबरल्या. रिक्षा गेल्यावर मला म्हणाल्या, "अगं, तिनं वर पाहावं असं मला इतकं वाटतंय, की तिनं पाहिलं नाही तरी मला दिसेल. मला उत्तर ठाऊकच नसलं पाहिजे." मग त्यांनी परीक्षा ठरवली. त्या खोलीबाहेर जाणार, मी सुजाताला एखादी वस्तू दाखवून लपवणार, त्या आत येऊन विचारणार, चमचा होता का, वाटी होती का, आणि तिचे डोळे पाहून माझ्याकडून लिहून घेणार. दोन दुपारी हे चाललं. निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. काही वेळा तर मी चमचा दाखवत असतानाच तिनं डोळे मिटून घेतले.

वन्संनी मला जसं घडलं तसंच लिहायला लावलं. "एखाददुसरं सोडून देऊ का?" असं मी विचारलं, त्यांची दया येऊन. "सोडलंस तर मग कशाला आलो आपण?" त्या म्हणाल्या. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी ताटात वाढलेली पोळी त्यांनी घडी घालून वहीत ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या खेपेला सुजाताच्या आईनं निकाल ऐकला आणि ती चिडली. मुलीवर नव्हे, आमच्यावर. "तुमी काहून तेच तेच इचारून राहिल्या तिले? चमचा, वाटी, चमचा, वाटी. लहान पोर आहे का ते? तिले कटाया आला, बाई. मले कोणी दिवसभर चमचा दाखवला तर मीबी डोये मिटून घेईन."

वन्संनी कपाळाला हात लावला. "खरंच गं," त्या सुजातालाच म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि मुलीनं डोळे वर केले. ते मात्र त्यांनी लिहू दिलं नाही.

पुढची परीक्षा वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली. ते शर्टाची वरची गुंडी लावून, दाराशी उभेच राहिले. वन्संनी मला सांगितलं, "मी सगळ्यांना घेऊन बाहेर जाते. तू तिला काहीतरी सांग. मला ठाऊक नसलेलं, पण खरं. घडलेलं." दार लोटलं गेलं. मी आणि सुजाता दोघीच उरलो. काय सांगावं मला सुचेना. समोर ती मुलगी, उशांना टेकवलेली, नजर माझ्याकडे. हिला काय कळणार आहे, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचारासरशी इतकी वर्षं छातीवर बसलेली गोष्ट तोंडून निघाली. बरण्या, स्टूल, सीताफळाचं झाड, आणि काही न केलेली ती मांजर. सांगताना मला रडू आलं. भिंतीला सांगावं तसं मी तिला सांगितलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

सगळे आत आले. माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून वन्संनी मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखं. हातात वही, मागे त्यांचा आवाज. प्रत्येक प्रश्नानंतर त्या थांबत. इतक्या थांबत, की रस्त्यावरून एक अख्खी वरात गेली असती. मग सांगत, "हो, लिही," नाही तर "नाही, लिही."

माणसाची गोष्ट? हो. आमच्या घरातली? हो. आनंदाची? नाही. काही हरवलं? सुजातानं बराच वेळ घेतला, मग नाही. मोडलं? हो. बैठकीतलं? नाही. स्वयंपाकघरातलं? हो. माझी पेन्सिल पुढे सरकेना. भांडं? नाही. काच? हो.

वन्संचा आवाज बदलला. "बरण्या?"

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हो. लिही."

मी लिहिलं.

"मांजरीनं फोडल्या."

"नाही. लिही." मग एकदम हलक्या आवाजात, "माझ्या आईनं?" नाही. "तर मग," आणि मला पाठीवर त्यांचं बोट टेकल्यासारखं वाटलं, "हिनं?"

त्यांनी 'लिही' म्हणायची मी वाट पाहत होते. ते आलंच नाही. वन्सं धावत माझ्याकडे आल्या, मला खांद्याला धरून फिरवलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू फोडल्यास! अगं, तू फोडल्यास ना? खरं सांग, तूच ना?" मी मान हलवली. त्यांनी मला मिठीच मारली. इतक्या मोठ्या गुन्ह्याची कबुली इतक्या आनंदानं कुणी घेतली नसेल. नंतर घरी जाताना त्या म्हणाल्या, "मांजरीचं मात्र वाईट झालं," आणि तो विषय त्यांनी कायमचा मिटवला.

पण तेव्हा खोलीत आणखी एक गोष्ट घडली. दाराशी उभे असलेले वडील पुढे आले आणि मुलीच्या समोर उकिडवे बसले. "सुजाता," ते म्हणाले, "मी अन् तुझी माय रोज बोलत होतो, तुले तिकडं पाठवाचं म्हणून. ते तुले समजत होतं?"

मुलीनं डोळे वर केले आणि तसेच ठेवले.

ते उठून बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, रिक्षाच्या सीटवर हात ठेवून ते उभे होते, आणि रिक्षावाला त्यांना काहीतरी विचारत होता. बऱ्याच वेळानं ते आत आले, सुजाताला स्वतः उचलून घेतलं, आणि वन्संना म्हणाले, "बाई, तो कागद मी फाडून टाकतो. तुमी तिले शिकवा." सुजाताची आई मागे पदरात तोंड लपवून हुंदके देत होती.

शिकवायला वर्ष गेलं. आपली वर्णमाला कुणी रचली असेल त्याला वन्सं रोज हात जोडत, कारण तिचे वर्ग पाडता येतात. आधी वर्ग विचारायचा, क-चा, च-चा, ट-चा. मुलीनं डोळे वर केले की त्या वर्गातलं एकेक अक्षर. एका शब्दाला पाव तास लागे. पहिलं वाक्य ती स्वतःच्या मनानं कधी बोलेल, काय बोलेल, याच्या वन्संनी स्वप्नात वह्या भरल्या असतील. 'मी आहे' असं काहीतरी असेल, असं त्या मला म्हणाल्या होत्या. शेवटी एका दुपारी ते वाक्य आलं. मीच अक्षरं उतरवत होते. 'पाठ खाजवते.'

वन्संनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल खाली ठेवली, सुजाताला पुढे वाकवून घेतलं आणि तिची पाठ खाजवू लागल्या. इकडे? खाली? आणखी खाली? तिची आई म्हणाली, "अवं माय, आता समजलं. दुपारून कण्हते म्हणून मी हिले औषध पाजत होती." ती हसली आणि हसता हसता तिथेच खाली बसली. सुजाताच्या तोंडून असा आवाज निघाला, की बाहेरचा कंपाउंडर डोकावला. तिला हसू आलं होतं.

वन्संचा प्रबंध मात्र परत आला. एका मुलीवरून सिद्धांत होत नाही, ते प्रकरण काढून टाका, असा परीक्षकांचा शेरा होता. वन्संनी उत्तर पाठवलं, की हातपाय न हलवता मन वाढलेलं एकही मूल नसतं, असं जे आजवर लिहिलं गेलं आहे, ते खोटं ठरवायला एकच मुलगी पुरे. प्रकरण त्यांनी काढलं नाही, पदवी त्यांना मिळाली नाही. घरात पुष्कळ बोलणी झाली, माझे यजमानही त्यांना समजावून थकले. त्या मन लावून सगळं ऐकून घेत आणि मग नंदनवनात सुजाताला इतिहास शिकवायला जात.

सुजाता एकवीस वर्षांची होऊन गेली. थंडीत छातीत कफ झाला. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात शेवटचे चार दिवस होती. तरुण डॉक्टर तिच्या उशाशी उभं राहून तिच्या आईला सगळं सांगत होता, आणि वन्सं दरवेळी त्याचा हात धरून मुलीकडे वळवत होत्या, "तिला सांगा. तिचं आहे ते." चौथ्या दिवशी त्यानं खरंच वाकून तिला सांगितलं. तिनं ऐकलं.

काही महिन्यांनी एके सकाळी वन्संनी माळ्यावरून एक जुनी ट्रंक काढली. तिच्यात सुजाता भेटायच्या आधीच्या वह्या होत्या, अगदी तरुणपणच्या. गावोगावी जाऊन त्यांनी लुळी मुलं तपासली होती. प्रत्येक पानावर नाव, गाव, वय, आणि खाली त्यांच्या त्या भयंकर अक्षरात एक शेरा. बऱ्याच पानांवर तो एकच होता, 'समज नाही.'

"हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं बघून."

पन्नाशी उलटलेल्या वन्सं त्या वह्या पिशवीत घालून एस.टी.नं निघाल्या. पुष्कळदा मी सोबत असे. बहुतेक मुलं वारली होती. काही घरांनी गाव सोडलं होतं. उमरेडच्या पुढे एका खेड्यात मात्र एकजण सापडला. वसंता त्याचं नाव. वहीतला सात वर्षांचा मुलगा आता दाढी आलेला पुरुष होता, पडवीत बाजेवर, भिंतीकडे तोंड केलेला. त्याच्या आईनं वन्संना ओळखलं.

"तुमी आल्या होत्या, बाई. तवा तुमचे केस काये होते." तिनं आम्हाला चहा दिला. मग सहज, काही मनात न ठेवता म्हणाली, "तुमी सांगतलं का याले समज नाही. मंग आमी त्याच्याशी बोलणं सोडून देलं. म्हटलं, कायले बोलाव?"

वन्संच्या हातातला कप तसाच राहिला. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. त्यांनी कप खाली ठेवला, उठून वसंताची बाज उजेडाकडे वळवायला मला हात लावायला सांगितलं, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "मी उशिरा आले," त्या त्याला म्हणाल्या. "माझं चुकलं होतं. तुला मी काही विचारू का?"

आणि थांबल्या. उन्हाची तिरीप पडवीतून अंगणात सरकली. वसंताचे डोळे इकडे तिकडे जात होते, कधी वर, कधी छपराकडे, कधी वन्संकडे. ते उत्तर होतं की नुसते डोळे, हे मला कळलं नाही. वन्संनाही कळलं नाही. निघायच्या वेळी त्यांनी वही उघडली, 'समज नाही' यावर रेघ मारली आणि खाली सावकाश, मलाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'मला समजलेलं नाही.'

"म्हणजे आता आमी त्याच्याशी बोलू का, बाई?" त्याच्या आईनं विचारलं.

"बोला," वन्सं म्हणाल्या. "मी पुढच्या महिन्यात येते."

गाडीला वेळ होता. आम्ही अंगणाच्या कडेला, रस्त्यावर उभ्या होतो. म्हातारी बाजेजवळ गेली, पदर सारखा केला, परक्या माणसासमोर उभं राहावं तशी थोडी संकोचून उभी राहिली. मग ती बाजेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "वसंता, औंदा तूर चांगली आली, बाप्पा." थोडं थांबून म्हणाली, "तुया बाप गेला, ते तुले कोणी सांगतलंच नाही."